माहिती क्लासवर ठेवावी की इन्स्टन्सवर?

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्याला क्लास आणि इन्स्टन्स यांच्या व्याख्या बहुधा पाठ असतात. तो अडतो तो स्वतःचा प्रोग्रॅम लिहायला बसल्यावर, जेव्हा हातातली माहिती क्लासवर ठेवायची की प्रत्येक इन्स्टन्सवर, हे त्याला ठरवावे लागते. त्या निर्णयासाठी दोन्ही पर्याय लोकलच्या पासाच्या उदाहरणावर ताडून पाहू.

पासावर कोणते रकाने असतात आणि पासाच्या बाबतीत कोणत्या क्रिया करता येतात, याचे वर्णन म्हणजे क्लास. डोंबिवलीहून सीएसएमटीला जाणाऱ्या एका प्रवाशाचा पास आणि बोरिवलीहून चर्चगेटला जाणाऱ्या दुसऱ्याचा पास, हे त्या वर्णनावरून घडलेले दोन इन्स्टन्स. तिकीट तपासनिसाला दाखवायला इन्स्टन्सच लागतो. नुसत्या वर्णनाला ना नाव असते, ना मुदत. नॉर्वेतील ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगोर यांनी सिम्युला 67 या भाषेत क्लासची कल्पना आणली, तीही याच गरजेतून: संगणकावर प्रत्यक्ष व्यवहारांचे अनुकरण करताना एकाच प्रकारच्या, पण वेगवेगळ्या स्थितीतल्या अनेक वस्तू एकाच वेळी हाताळाव्या लागत होत्या.

निर्णयासाठी मी एकच प्रश्न विचारतो: ही किंमत बदलली, तर ती सगळ्यांची बदलायला हवी की एकाचीच? त्रैमासिक पासाची मुदत तीन महिने, हा नियम उद्या बदलला तर यापुढे निघणाऱ्या प्रत्येक त्रैमासिक पासाला तो लागू होईल, म्हणून त्याची जागा क्लासवर. एका प्रवाशाच्या पासाची अखेरची तारीख मात्र त्याच्या नूतनीकरणाने बदलते आणि दुसऱ्याच्या तारखेला त्याचा धक्काही लागता कामा नये, म्हणून ती इन्स्टन्सवर. जावा या भाषेत पहिल्या प्रकारच्या व्हेरिएबलला (किंमत साठवणाऱ्या नावाला) स्टॅटिक म्हणतात आणि हजार इन्स्टन्स तयार केले तरी त्याची प्रत एकच राहते. पायथन या भाषेत क्लासच्या अंगात थेट लिहिलेली किंमत सामायिक असते आणि सेल्फला, म्हणजे चालू इन्स्टन्सला, जोडलेली किंमत त्या त्या इन्स्टन्सची.

नवशिक्याचे सर्वाधिक तास जिथे वाया जातात, ती जागा पायथनच्या याच नियमात आहे. समजा, प्रवासांची नोंद ठेवण्यासाठी क्लासच्या अंगातच एक रिकामी लिस्ट, म्हणजे यादी, लिहिली. पहिल्या पासाच्या लिस्टमध्ये दादरची नोंद घातली की ती दुसऱ्या पासातही दिसू लागते, कारण लिस्ट मुळात एकच आहे आणि दोघेही तिच्याकडेच पाहत आहेत. मात्र त्याच ठिकाणी आकडा असेल आणि सेल्फद्वारे त्याला नवी किंमत दिली, तर पायथन त्या इन्स्टन्सवर त्याच नावाची वेगळी किंमत तयार करते; पुढे वाचताना आधी इन्स्टन्सवर शोध होतो आणि तिथे न सापडल्यासच क्लासकडे पाहिले जाते. म्हणून आकड्याच्या बाबतीत प्रोग्रॅम बरोबर चालल्यासारखा वाटतो आणि लिस्टच्या बाबतीत तोच प्रोग्रॅम बिघडतो. उपाय सरळ आहे: बदलणारी प्रत्येक लिस्ट किंवा डिक्शनरी (नाव आणि किंमत यांच्या जोड्यांचा साठा) इनिट मेथडमध्ये, म्हणजे इन्स्टन्स तयार होताना आपोआप चालणाऱ्या क्रियेत, सेल्फवर तयार करावी.

क्लासवर बदलती माहिती ठेवण्याला माझा एकंदर विरोध आहे. ‘आजवर किती पास निघाले’ हा आकडा क्लासवर ठेवणे शब्दशः योग्य असले, तरी एका चाचणीत वाढलेला आकडा पुढच्या चाचणीत तसाच राहतो, आणि अनेक थ्रेड (एकाच प्रोग्रॅमचे समांतर चालणारे प्रवाह) एकाच वेळी तो वाढवू लागले की लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच बदल करू देणारे कुलूप, लावण्याची वेळ येते. न बदलणारे नियम क्लासवर आणि बदलणारी स्थिती इन्स्टन्सवर, ही वाटणी मला जास्त सुरक्षित वाटते.

मेथडचा, म्हणजे क्लासमध्ये लिहिलेल्या क्रियेचा, निर्णय त्या मानाने सोपा आहे. मेथड इन्स्टन्सची असो वा स्टॅटिक, तिचा मजकूर क्लासवर एकदाच असतो. प्रश्न एवढाच की तिला विशिष्ट पासाची माहिती लागते का. ‘मुदत संपली का’ याचे उत्तर एका पासापुरतेच देता येते, म्हणून ती इन्स्टन्स मेथड. दोन स्थानकांतील अंतरावरून भाडे काढायला पासच लागत नाही, म्हणून ती स्टॅटिक.

एक शेजारचा प्रश्न मुंबईकराला हमखास पडतो: फर्स्ट क्लासच्या पासासाठी वेगळा क्लास लिहावा का? दोन्ही पासांचे रकाने तेच आणि क्रियाही त्याच असतील, फरक फक्त भाड्याचा आणि दर्जाचा असेल, तर दर्जा हा इन्स्टन्सवरचा एक रकाना पुरतो. दर्जा बदलल्यावर पासाच्या क्रियाच निराळ्या रीतीने होऊ लागल्या, तर मात्र उपक्लास (मूळ क्लासवर आधारलेला वेगळा क्लास) लिहिण्याचे श्रम सार्थकी लागतात. आणि ज्या वस्तूचा प्रोग्रॅमभर एकच नमुना असणार, जसे की भाड्याचा तक्ता, तिच्यासाठी पायथनमध्ये क्लास न लिहिता साधी डिक्शनरी वापरली तरी भागते.