स्टेलॅरियम वेब: महाद्वार रोडवरनं बघितलेलं आकाश

कोल्हापुरात महाद्वार रोडवर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. संध्याकाळी गिऱ्हाईक कमी झालं की गल्लीतली पोरं संगणकाभोवती जमतात. त्यांच्यासाठी अवकाशाच्या बऱ्याच साइट बघितल्या. बहुतेक ठिकाणी ग्रह फिरतात, त्यावर क्लिक केलं की चार ओळी येतात, आणि पोरं लगेच गेमकडं वळतात. टिकली ती स्टेलॅरियम वेब, हव्या त्या ठिकाणचं, हव्या त्या वेळचं आकाश दाखवणारी. फुकट आहे, खातं काढावं लागत नाही, मोबाईलवरही चालते.

ठिकाण कोल्हापूर ठेवायचं. तारीख, वेळ आपल्या हातात. आमच्याकडं पहिला प्रश्न ठरलेला, किरणोत्सव वर्षातनं दोनदाच का? ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातनं अंबाबाईपर्यंत जातात. १० नोव्हेंबर लावून सूर्य मावळेपर्यंत वेळ सरकवली. सूर्यावर क्लिक केलं की दिगंश, म्हणजे उत्तरेपासनं पूर्वेकडनं मोजलेली दिशा कळते, साधारण २५२ अंश. म्हणजे बरोबर पश्चिमेपासनं १८ अंश दक्षिणेला. मग २१ डिसेंबर लावला, तर सूर्य आणखी सहासात अंश डावीकडं. १ फेब्रुवारीला बघतोय तर परत जुन्या जागी! "जाताना एकदा, येताना एकदा," सहावीतली एक पोरगी म्हणाली. मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

खरी मजा वातावरणाचं, म्हणजे आकाशाच्या उजेडाचं बटण बंद केल्यावर. भर दिवसा सूर्यामागचे तारे दिसतात. नोव्हेंबरात मागं तूळ, फेब्रुवारीत मकर. मावळायची जागा तीच, मागचं आकाश वेगळं! ह्यावर जी भांडणं झाली, त्यात दोन गिऱ्हाइकंही सामील होती.

ही साइट शिकवत मात्र नाही. गोष्ट नाही, प्रश्न नाहीत. शेजारी कुणीतरी मोठं माणूस बसायला लागतं, त्यामुळं चौथीच्या आतल्या पोरांच्या हाती नुसती देऊ नका. शिवाय तिच्यातलं क्षितिज मोकळ्या माळाचं. आमच्या रोडवरच्या इमारती, धूळ, ढग त्यात कुठले? किरणं चेहऱ्यापर्यंत पोचतात का, ते देवळातच जाऊन बघायचं.

कुणी मराठीत मुलांसाठी अशी साइट बनवत असेल, तर माहितीची पानं थोडी कमी करा, पण तारीख मागं-पुढं करायची सोय आधी द्या. स्टेलॅरियम वेबच्या इंजिनचा कोड खुला आहे, सुरुवात तिथनं करता येईल.