भाचीबरोबर पाहिलेले तीन कॅम्पस: फोर्ट, माटुंगा, कालिना

माझी भाची कुडाळला बारावी सायन्सला आहे. केमिस्ट्री म्हणजे तिचा जीव की प्राण. पुढे कुठे शिकायचं यावरून त्यांच्या घरी रोज वाद. ताई म्हणते रत्नागिरी पुरे, भावोजींना पुणं हवं, आणि हिला मुंबई. शेवटी ताईचा मला फोन आला, "तू तिथे आहेस ना, तूच दाखव तिला. आधी बघून तर येऊ दे." जानेवारीत सराव परीक्षा आटोपल्या तशी ती तुतारी एक्स्प्रेसनं आली. सकाळी दादरला तिला उतरवून घेतलं आणि पुढचे दोन दिवस आम्ही दोघी पाय दुखेपर्यंत हिंडलो.

मी २२ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. त्यामुळे कुठेही गेले की माझं लक्ष कमानीपेक्षा बेसिनकडे आधी जातं. जे लिहितेय ते त्या नजरेनं लिहितेय. बारावीतल्या मुलामुलीला घेऊन कॉलेजं बघायला निघालेल्या आईबापांच्या, मामा-मावशींच्या उपयोगी पडावं एवढंच वाटतं.

सुरुवात फोर्टपासून केली. आधीच सांगते, बारावीनंतर कुणी या आवारात शिकायला येत नाही. इथे आहे दीक्षान्त सभागृह, जुनं ग्रंथालय आणि कचेऱ्या. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी., बी.ए. ही बहुतेक सगळी पदवीची शिक्षणं संलग्न महाविद्यालयांत होतात. गावाकडून येणाऱ्या पालकांना हे ठाऊक नसतं. 'विद्यापीठ बघायचंय' म्हणून थेट इथे किंवा कालिन्याला येतात आणि बी.एस्सी.चे वर्ग शोधत बसतात. तरी मी तिला आधी इथेच आणलं, कारण आपण कशाचा भाग होणार आहोत ते पोरीनं एकदा मान वर करून बघावं असं मला वाटत होतं.

सीएसएमटीला उतरून हुतात्मा चौकावरून ओव्हल मैदानात गेलो. विद्यापीठाचा राजाबाई टॉवर बघायचा तर मैदानातूनच, अगदी जवळ गेलं की तो मानेत मावत नाही. मैदानात तीन-चार क्रिकेट सामने एकमेकांत शिरलेले, एका अंगाला हायकोर्ट, मध्ये राजाबाई टॉवर, आणि पाठीमागे मरीन ड्राइव्हच्या दिशेला आर्ट डेको इमारतींची रांग. हा सगळा परिसर २०१८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. टॉवर २८० फुटी, म्हणजे सुमारे ८५ मीटर. काम १८६९ साली सुरू झालं आणि १८७८ मध्ये पुरं झालं. आराखडा करणारे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधी आलेच नाहीत, लंडनहून नकाशे पाठवले. पैसे प्रेमचंद रायचंद यांचे. अमेरिकेतल्या यादवीमुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्या काळात १८६४ मध्ये त्यांनी ग्रंथालयासाठी दोन लाख आणि टॉवरसाठी दोन लाख रुपये दिले. टॉवरला आईचं नाव द्यायचं, एवढीच इच्छा. पुढच्याच वर्षी ते युद्ध संपलं, कापूस कोसळला आणि प्रेमचंदही बुडाले, पण विद्यापीठाला दिलेला पैसा विद्यापीठाकडेच राहिला. राजाबाईंना दिसत नसे, घड्याळाच्या टोल्यांवरून त्यांना सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाची वेळ कळावी म्हणून हा टॉवर बांधला, अशीही गोष्ट सांगतात. भाचीला कापसाच्या गोष्टीपेक्षा ही आवडली.

मी तिला आणखी दोन गोष्टी सांगितल्या. विद्यापीठ १८५७ चं, आणि १८६२ साली जी पहिली बी.ए.ची तुकडी बाहेर पडली तिच्यात न्यायमूर्ती रानडे आणि रा. गो. भांडारकर होते. आणि या विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर कॉर्नेलिया सोराबजी, त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या. तेव्हा पुण्याचं कॉलेजही मुंबई विद्यापीठाखालीच यायचं. "म्हणजे बाबांचं पुणंपण यातच," असं म्हणून ती हसली. टॉवरवर सर्वसामान्यांना चढू देत नाहीत, आणि आत जायचं तर आधी परवानगी विचारून जावं. आम्ही बाहेरूनच पाहिलं. तासभर पुरतो. बघण्यासाठी पाचपैकी पाच. शिक्षण निवडायला याचा उपयोग नाही, पण मुलीच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मला हवं होतं.

पवईला नेलं नाही. आयआयटीचा परिसर तलावाकाठचा, सुंदर आहे यात शंका नाही, पण ती जेईई ॲडव्हान्स्ड देत नाहीये. परीक्षा तोंडावर असताना तिच्या मनात नसती रुखरुख कशाला?

दुपारी माटुंगा. खरा मुक्काम हा. स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की आधी फुलांचा वास येतो, मग फिल्टर कॉफीचा. आधी रामा नायकांच्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगमध्ये केळीच्या पानावर जेवलो. मुद्दाम नेलं. घरापासून लांब राहणाऱ्या मुलीला मेसच्या जेवणाचा कंटाळा आला की पायी जाण्याइतक्या अंतरावर साधं, स्वच्छ, पोटभर काय मिळतं हे मला प्लेसमेंटच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. तिनं रसम तीनदा घेतलं.

तिथून वीसेक मिनिटं चालत इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी, आयसीटी. जुनी माणसं अजून 'यूडीसीटी' म्हणतात, कारण १९३३ साली हा मुंबई विद्यापीठाचाच एक विभाग म्हणून निघाला आणि २००८ मध्ये स्वतंत्र अभिमत विद्यापीठ झाला. केमिकल इंजिनिअरिंग, औषधनिर्माण, रंग, तेलं, पॉलिमर, जे जे रसायनातून तयार होतं ते सगळं इथे शिकवतात. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर इथलेच. गोव्यातल्या माशेलचा मुलगा, गिरगावात हलाखीत वाढला, आणि इथून केमिकल इंजिनिअर होऊन बाहेर पडला. एम. एम. शर्मा सरही इथलेच, लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झालेले केमिकल इंजिनिअर. गेटवर नाव लिहून, ओळखपत्र दाखवून आत गेलो. लॅबमध्ये बाहेरच्यांना असं उठून शिरता येत नाही आणि येऊही नये. माझ्या लॅबमध्येही मी कुणाला येऊ देत नाही.

मग बघायचं काय? नोटीसबोर्ड. त्याच्यासारखं खरं बोलणारं कॅम्पसवर दुसरं काही नसतं. कागदांवरच्या तारखा बघायच्या. व्याख्यानं या महिन्यातली आहेत की दोन वर्षांपूर्वीची? पीएच.डी.च्या मौखिक परीक्षेच्या सूचना लागल्यात का? मुलांनी स्वतः लिहिलेलं काही आहे का? भाची एका पोस्टरपुढे दहा मिनिटं उभी होती, त्यातलं निम्मंही कळत नव्हतं तरी हलेना. मी बाजूला थांबून राहिले.

तेवढ्यात एक मुलगी ॲप्रन हातावर टाकून बाहेर आली. परभणीची, तिसऱ्या वर्षाची. तिच्या अंगठ्याच्या नखाशी पिवळा डाग होता. मी काही बोलायच्या आत आमची बाय म्हणाली, "नायट्रिक ॲसिड?" त्या मुलीचा चेहरा असा खुलला! प्रथिनं आणि नायट्रिकची ही अभिक्रिया हिनं पुस्तकात वाचलेली, हातावर पहिल्यांदाच पाहिली. दोघी कट्ट्यावर बसून पाऊण तास बोलल्या. प्रवेशाचं तिनंच नीट समजावलं, महाराष्ट्राच्या जागा सीईटीवर, अखिल भारतीय जागा जेईई मेनवर. हॉस्टेलबद्दल मी विचारलं, पाण्याच्या वेळा काय, रात्री लॅबला उशीर झाला तर गेटवर काय सांगावं लागतं, आजारी पडलं तर सोबत कोण येतं. हे प्रश्न मुली स्वतः विचारत नाहीत, त्यांना लाज वाटते. मोठ्यांनी विचारावेत. आणि मुलींचं स्वच्छतागृह आत जाऊन बघावं. चार तास उभं राहून प्रॅक्टिकल करायचं असतं, त्यात महिन्याचे चार दिवसही येतात. कचऱ्याची झाकणाची बादली, कडी आणि पाणी, एवढं नसेल तर बाकीच्या सगळ्यातून दोन गुण कापावेत.

लॅबचं एवढं सांगते त्याला कारण आहे. मागच्या वर्षी शेजारच्या मुलाबरोबर उपनगराबाहेरच्या एका खासगी संस्थेच्या 'ओपन डे'ला गेले होते. नाव लिहीत नाही. एसी बसनं नेलं, संगमरवरी लॉबी, सभागृह, जिम, सगळं दाखवलं. लॅब बघू म्हटलं तर "आज बंद आहे". दाराच्या काचेतून मी डोकावले. डोळे धुवायचा नळ बसवलेला होता, पण त्याला पाण्याचा पाइपच जोडलेला नव्हता. डोळ्यात ॲसिड उडालं तर निदान पंधरा मिनिटं सलग पाणी मारावं लागतं, आणि इथे पाणीच नाही. रसायनांच्या बाटल्यांची सीलं तशीच, वर धूळ. दुसऱ्या दिवशी फोन, सीट राखायला आजच पंचवीस हजार भरा. त्या मुलाच्या आईनं भरायची तयारीही केली होती, मी तिला थांबवलं. अजून आठवलं की संताप येतो, कारण ती मुलं तिथे खरोखर शिकायला जाणार होती.

म्हणून कुठे लॅब बघू दिली तर काय करायचं ते लिहून ठेवते. फ्यूम हूडच्या, म्हणजे वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटाच्या, तोंडाशी टिश्यूचा कपटा धरायचा, आत ओढला गेला तर हूड चालतोय. बाटलीवर उघडल्याची तारीख आहे का बघायचं. आणि प्राध्यापकांपेक्षा लॅब असिस्टंटशी बोलायचं, एका बेंचवर किती मुलं आणि महिन्यातून किती प्रॅक्टिकलं खरंच होतात ते त्यांनाच ठाऊक असतं.

व्हीजेटीआय आयसीटीपासून हाकेच्या अंतरावर आहे. १८८७ ची संस्था, १९२३ मध्ये भायखळ्याहून इथे आली, आता वीरमाता जिजाबाईंचं नाव आहे. वर्कशॉपची परंपरा मोठी, इंजिनिअरिंग करायचं असेल त्यानं बघावीच. हिला यंत्रांत रस नाही, त्यामुळे आम्ही अर्ध्या तासात निघालो आणि 'फाइव्ह गार्डन्स' नावाच्या बागांत येऊन बसलो. संध्याकाळी तिथे अभ्यास करणारी मुलं, फिरायला आलेले आजीआजोबा. माटुंग्याला माझे पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो लॅब आतून बघता आली नाही म्हणून, त्यांची चूक काही नाही.

दुसऱ्या दिवशी कालिना. मी कुर्ल्याला राहते, पश्चिमेकडून शेअर रिक्षा मिळते. आत शिरल्यावर पाच मिनिटांतच ती म्हणाली, "मावशे, हय तर गावासारखां वाटता." झाडं, मोकळे रस्ते, लांबलांब विभाग. दोनशेहून जास्त एकर आहे. एका बाजूनं ढोलकीचा आवाज येत होता, लोककला अकादमी इथेच आहे. आपल्याकडे दशावतार बघत वाढलेल्या मुलीला विद्यापीठात लोककला शिकवतात याचं केवढं अप्रूप वाटलं. चालायचे बूट आणि पाण्याची बाटली घ्या, नकाशा फोनवर आधीच उघडून ठेवा.

कालिन्यात मुख्यत्वे एम.ए., एम.एस्सी. आणि संशोधन चालतं. पण बारावीच्या मुलांनी बघावं असं एक ठिकाण इथे आहे आणि फार थोड्या लोकांना माहीत आहे. विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभाग यांनी मिळून २००७ मध्ये सुरू केलेलं मूलभूत विज्ञानांचं केंद्र, सीईबीएस. बारावीनंतर थेट पाच वर्षांची एकात्मिक एम.एस्सी., भौतिक, रसायन, जीवशास्त्र किंवा गणित. प्रवेश 'नेस्ट' नावाच्या परीक्षेतून, भुवनेश्वरच्या नायसर या विज्ञान संस्थेसाठीही तीच परीक्षा. मला स्वतःला हे दोन वर्षांपूर्वी कळलं. कुडाळच्या कॉलेजात हिला कुणी सांगितलं नव्हतं. हे वाचणाऱ्यांनी आपापल्या गावच्या एका तरी मुलाला सांगावं.

नंतर जवाहरलाल नेहरू ग्रंथालयाकडे गेलो. ग्रंथालय कुठलंही असो, आठवड्याच्या मधल्या वारी दुपारी तीनला बघावं, जेवून डोळे मिटायच्या वेळेला. तेव्हाही मुलं वाचत बसलेली दिसली तर ती जागा जिवंत आहे. बाहेरच्या पायऱ्यांवर दोघं जण कुठल्याशा समीकरणावरून कडाकडा भांडत होते. मला फार बरं वाटलं.

दिवसा कालिन्याला माझे चार. पाचवा राखून ठेवलाय, कारण तिला रात्रीची गाडी होती आणि आम्हाला पाचलाच निघावं लागलं. संध्याकाळी सात-साडेसातला विभागापासून गेटपर्यंत आणि गेटपासून रिक्षापर्यंत चालून बघायचं राहिलं. दिवे कुठे आहेत, वाटेत माणसं किती असतात, हे अंधार पडल्यावरच कळतं. ताई मला पहिला प्रश्न हाच विचारणार होती.

दादरला गाडीत बसवलं तेव्हा तिनं वहीचं मागचं पान दाखवलं. परभणीच्या मुलीचा नंबर, 'नेस्ट फॉर्म कधी?', आणि खाली 'रसम'. बोर्डाची परीक्षा आटोपली की ती पुन्हा येणार आहे. त्या वेळी कालिन्याला दुपारी चारला आत जाऊ आणि अंधार पडल्यावर निघू.