नोकरी हातात नाही, पदवी मोठ्या विद्यापीठाची आहे: ब्रिटन, नेदरलँड्स, हाँगकाँग की जपान?

पुण्यातून बी.ई. आणि अमेरिकेतून एम.एस. झालेल्या, पण एच-१बीच्या, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसाच्या, सोडतीत नंबर न लागलेल्या मुलामुलींसमोर हा प्रश्न हमखास येतो. नोकरीचं पत्र नसताना, विद्यापीठाच्या नावावर काम करण्याची मुभा देणारे हे चार पर्याय आहेत. चारही ठिकाणची सरकारं विद्यापीठांच्या जागतिक क्रमवारीवर बोट ठेवतात, पण कोणती पदवी मोजायची हे प्रत्येकाचं वेगळं आहे. आणि गाडी अडते ती बहुतेक वेळा इथेच.

हाँगकाँगचंच बघा. २०२२च्या डिसेंबरात सुरू झालेली तिथली 'टॉप टॅलेंट पास' योजना पाहते ती पहिली पदवी, म्हणजे बी.ई. किंवा बी.ए. एम.एस. कितीही नामांकित विद्यापीठाची असली, तरी पहिली पदवी योजनेच्या यादीबाहेरच्या विद्यापीठाची असेल तर अर्ज बसत नाही. त्यामुळे आपल्याकडच्या बहुसंख्य अभियंत्यांसाठी हे दार बंदच. ज्यांनी पहिली पदवीच यादीतल्या विद्यापीठातून घेतली, त्यांच्यासाठी मात्र ही योजना फार चांगली आहे. आधी २ वर्षांचा परवाना मिळतो. पुढच्या मुदतवाढीला बाजारभावाच्या पगाराची नोकरी किंवा स्वतःचा व्यवसाय दाखवावा लागतो. पहिल्या दिवसापासूनचा मुक्काम कायम वास्तव्यासाठी लागणाऱ्या ७ वर्षांत धरला जातो. पदवी गेल्या ५ वर्षांतली आणि अनुभव ३ वर्षांपेक्षा कमी असेल, तर वर्षाला १०,००० जागांची मर्यादा आहे.

ब्रिटनचा 'हाय पोटेन्शियल' व्हिसा पदवी, पदव्युत्तर किंवा पीएच.डी. यांपैकी काहीही चालवून घेतो, म्हणून अमेरिकेतल्या एम.एस.वाल्यांना तो सोयीचा. विद्यापीठ मात्र ब्रिटनबाहेरचं हवं आणि पदवी अर्जाच्या आधीच्या ५ वर्षांतली हवी. नोव्हेंबर २०२५पासून मान्य विद्यापीठांची यादी पहिल्या ५०वरून पहिल्या १००पर्यंत वाढली, आणि सोबत वर्षाला ८,००० अर्जांची मर्यादाही आली. यादी दर १ नोव्हेंबरला बदलते. पाहायची ती आजची यादी नव्हे, तर पदवी ज्या तारखेला बहाल झाली त्या काळातली. परीक्षा मे महिन्यात संपली आणि पदवी डिसेंबरात मिळाली, तर यादी बदललेली असते.

खर्च जड आहे. २०२५च्या दरांनी अर्जाचे ८८० पौंड, ब्रिटनबाहेरून अर्ज करताना पदवी तपासणीचे २१० आणि आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५. दोन वर्षांचे मिळून ३,१६० पौंड होतात. शिवाय १,२७० पौंड सलग २८ दिवस खात्यात दिसावे लागतात, आणि खातं तुमच्या नावाचं हवं, आईबाबांचं चालत नाही. मधल्या एखाद्या दिवशी क्रेडिट कार्डाचं बिल कापलं जाऊन शिल्लक १,२६० झाली, तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. भारतातून अर्ज करणाऱ्याला क्षयरोग तपासणीचं प्रमाणपत्रही जोडावं लागतं. इंग्रजीची किमान पातळी जानेवारी २०२६पासून बी२ (युरोपीय मोजपट्टीवर मध्यम-वरची) झाली.

खरी मेख पुढे आहे. हा व्हिसा २ वर्षांचा (पीएच.डी.ला ३), तो वाढत नाही, आणि ही वर्षं कायम वास्तव्यासाठी मोजली जात नाहीत. राहायचं तर 'स्किल्ड वर्कर' व्हिसावर जायला हवं, आणि त्यासाठी जुलै २०२५पासून सर्वसाधारण किमान पगार वर्षाला ४१,७०० पौंड आहे. २६ वर्षांखालच्यांना ३३,४०० पुरतात, कामाच्या प्रकारानुसार आकडा आणखी वर जाऊ शकतो. म्हणजे जोडीदाराला सोबत नेता येतं आणि नोकरी निवांत शोधता येते, पण दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच कंपनीशी प्रायोजकत्वाचं, म्हणजे तिनेच तुमचा 'स्किल्ड वर्कर' व्हिसा पुरस्कृत करण्याचं, बोलून घ्यायला हवं. हे लांबवणारेच शेवटच्या महिन्यात परतीचं तिकीट काढतात.

नेदरलँड्समध्ये मुदत एकच वर्षाची, तरी आमचा कल तिकडेच आहे. तिथल्या परवान्याचं नाव 'झुकयार', शब्दशः शोधवर्ष. परदेशी विद्यापीठाची मास्टर्स किंवा पीएच.डी. लागते, ती गेल्या ३ वर्षांतली हवी. क्रमवारी पहिल्या २००पर्यंत चालते आणि विषयवार याद्याही धरतात, म्हणून पवईच्या एम.टेक.वाल्यांनी आधी इथे चौकशी करावी. क्यूएस या संस्थेच्या २०२६च्या जागतिक क्रमवारीत आयआयटी मुंबई १२९वी आहे, ब्रिटनच्या पहिल्या १००मध्ये ती बसत नाही. नुसत्या बी.टेक.वर मात्र हा परवाना मिळत नाही. पदवीचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं, त्याला वेळ लागतो, तेव्हा ते पहिल्यांदा हाती घ्या.

फायदा पगाराच्या अटीत आहे. शोधवर्षानंतर कुशल स्थलांतरिताचा परवाना घेताना २०२५मध्ये महिना २,९८९ युरो पुरत होते, तर थेट अर्ज करणाऱ्या तिशीच्या आतल्या माणसाला ४,१७१ लागत होते. नवख्या उमेदवाराला घेताना कंपनीला हा फरक फार मोठा वाटतो. अट एकच, कंपनी सरकारमान्य प्रायोजक हवी. ती यादी खुली आहे. अर्ज पाठवण्याआधीच पाहा, नाहीतर चार मुलाखती देऊन झाल्यावर कळतं.

जपानच्या 'जे-फाइंड'ला खर्च सगळ्यांत कमी: खात्यात २ लाख येन, पदवी ५ वर्षांतली, विद्यापीठ ठरलेल्या तीन जागतिक क्रमवारींपैकी किमान दोनांत पहिल्या १००मध्ये. जास्तीत जास्त २ वर्षं राहता येतं, कुटुंबही नेता येतं. भाषेची अट कागदावर नाही, पण नोकऱ्यांच्या जाहिराती उघडल्यात तर बहुतेक ठिकाणी एन२ (जपानी भाषेच्या परीक्षेची वरून दुसरी पातळी) मागितलेलं दिसेल. त्याखालच्या एन३पर्यंतही पोचला नसाल तर हा पर्याय तूर्त बाजूला ठेवा.