कच्छच्या रणाची सहल: पाहण्यासारखे पुष्कळ, दिलेला वेळ अपुरा

आमच्या शिरोळ तालुक्यात रानाला मीठ फुटले की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. उसाला वर्षानुवर्षे पाणी पाजून क्षारपड झालेली, उन्हाळ्यात पांढरी पडणारी शिवारे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. त्यामुळे गेल्या जानेवारीत कोल्हापुरातील एका प्रवासी कंपनीबरोबर कच्छला निघताना, मैलोन्‌मैल मिठाच्या जमिनीवर पाहायचे तरी काय, अशी शंका मनात होती. ती पुरती फिटली, परंतु त्याचे श्रेय कंपनीच्या आखणीला नव्हे, तर भुजमध्ये सोबत आलेल्या स्थानिक वाटाड्याला द्यावे लागेल.

रेल्वे, बस, मुक्काम आणि जेवण यांबद्दल तक्रार नाही.

मोठ्या रणाच्या काठावरील धोरडो गावाजवळ त्या वाटाड्याने आम्हाला गर्दीपासून दूर नेले आणि पायाखालचा मिठाचा थर दाखवला. हा भूभाग एके काळी अरबी समुद्राचाच फाटा होता. नद्यांचा गाळ आणि भूकंपांनी उचललेली जमीन यांमुळे तो समुद्रापासून तुटत गेला. 1819 च्या भूकंपात तर सुमारे 80 किलोमीटर लांबीचा उंचवटा वर आला, त्याला ‘अल्लाह बंद’ म्हणतात. पावसाळ्यात नैर्ऋत्य वाऱ्याने आत लोटलेले समुद्राचे पाणी, पाऊस आणि नद्यांचे पाणी या सपाटीवर पसरते, निचरा न होता उन्हाने आटते आणि मागे मीठ उरते. पाणी उडून जाते व क्षार वर राहतो, ही रीत आमच्या शिवारातलीच आहे. फरक इतका, की आमच्याकडे ती माणसाच्या चुकीने आली आणि तिथे तिच्यावरच जीवसृष्टी उभी आहे. पाण्याखालच्या मोठ्या रणात रोहित पक्षी चिखलाची घरटी बांधून पिल्ले वाढवतात. छोट्या रणात रानगाढवे, म्हणजे तिथले ‘खूर’, राहतात. 2020 च्या गणनेत ती 6,082 भरली. तिथेच अगरिया कुटुंबे जमिनीखालचे खारे पाणी उपसून, हिवाळाभर आगरात राबून मीठ पिकवतात. ‘पिकवतात’ हा शब्द तिथे किती खरा आहे, ते त्यांचे भेगाळलेले पाय पाहिल्यावर कळते.

काळो डुंगर हे कच्छमधील सर्वांत उंच ठिकाण असून त्यावर दत्ताचे मंदिर आहे. नरसोबाच्या वाडीच्या माणसांना त्याचे अप्रूप वाटणारच. कोल्ह्यांना प्रसाद घालण्याची तिथली प्रथा पाहून आमच्यातील वडीलधारी मंडळी बराच वेळ हात जोडून उभी होती.

आता उणिवा. जाहिरातीत पौर्णिमेच्या चांदण्यातील रण दाखवले होते, प्रत्यक्षात आम्ही पौर्णिमेनंतर चौथ्या दिवशी पोहोचलो आणि चंद्र उगवण्यापूर्वीच बस परत फिरली. सूर्यास्तासाठी जेमतेम एक तास मिळाला, पहाट तर कार्यक्रमातच नव्हती. छोट्या रणाला अर्धा दिवस दिला आणि खरेदीला मात्र पूर्ण दिवस, हे प्रमाण मला अन्यायाचे वाटते.

तरीही मी ही सहल सुचवेन. पैसे भरण्यापूर्वी तारखा पंचांगाशी ताडून पाहाव्यात, धोरडोला दोन रात्रींचा मुक्काम मागून घ्यावा आणि माहीतगार वाटाड्या शेवटपर्यंत सोबत राहील हे लेखी घ्यावे.