कामगारांनी घरी पाठवलेला पैसा की परकीय गुंतवणूक: आर्थिक वाढीसाठी भिस्त कशावर ठेवावी?

परकीय चलनाची चणचण असलेल्या विकसनशील देशाने जोर कुठे लावायचा? परदेशात राबणाऱ्या आपल्या माणसांनी घरी पाठवलेल्या पैशावर, म्हणजे रेमिटन्सवर, की परदेशी कंपन्या आपल्या देशात उद्योगांत लावतात त्या पैशावर, म्हणजे थेट परकीय गुंतवणुकीवर? धोरण ठरवणाऱ्याने आधी दोन्हींचा स्वभाव ओळखावा.

भरवशात रेमिटन्स उजवे ठरते. कोविडच्या साथीमुळे २०२० मध्ये ते २० टक्क्यांनी घटेल, असे भाकीत जागतिक बँकेने त्या एप्रिलमध्ये केले होते. प्रत्यक्षातली घट त्याच्या आसपासही गेली नाही. जगभरातली थेट गुंतवणूक मात्र त्या वर्षी सुमारे एक तृतीयांशाने आटली. घरी अडचण आली की माणूस पोटाला चिमटा काढून जास्त पाठवतो. कंपनी अशा वेळी हात आखडता घेते. अर्थात सगळी माणसे एकाच देशात गेलेली असतील तर हा भरवसा टिकत नाही. रशियावर विसंबलेल्या ताजिकिस्तानला तिथले चलन रुबल कोसळल्यावर २०१५ मध्ये याचा जबर फटका बसला.

कुटुंबाच्या पातळीवर तर तुलनाच नको. १९९७ च्या आशियाई संकटात फिलिपिनो कामगार वेगवेगळ्या देशांत होते आणि त्या त्या देशाच्या चलनाचा पेसोमधला भाव कमी-जास्त वाढला. ज्या घरांना त्यामुळे जास्त पेसो मिळाले, तिथे मुले शाळेत टिकली, बालमजुरी घटली आणि भांडवल लागणारे छोटे धंदेही सुरू झाले, असे अर्थतज्ज्ञ डीन यांग यांनी दाखवून दिले.

देशाच्या वाढीचा हिशेब मात्र अवघड आहे. काही अभ्यासांत रेमिटन्स आणि वाढ यांचे नाते चक्क उलटे दिसते. त्यावरून या पैशाला दोष देणे मला अन्यायाचे वाटते, कारण वाढ खुंटते म्हणूनच माणसे बाहेर पडतात. तरीही धोका खरा आहे. नेपाळमध्ये रेमिटन्स जीडीपीच्या जवळपास पाव भागाएवढे आहे. गरिबी कमी झाली, पण कारखानदारी वाढली नाही. आलेला पैसा जमीन, घरे आणि आयात मालाकडे वळतो, मजुरी आणि किमती चढतात, निर्यातदार मागे पडतो. कारखान्यात आलेली परकीय गुंतवणूक यंत्रे, तंत्र आणि बाजारपेठ घेऊन येते. खाणीत आलेली तेवढा रोजगार देत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

म्हणून माझे मत असे: वाढीची योजना कारखाने आणि निर्यातीवर बेतावी, आणि रेमिटन्स हा कुटुंबांचा पैसा मानून त्याची वाट मोकळी करावी. त्यावर कर लावला तर तो हुंडीकडे, म्हणजे बँकेबाहेरच्या अनधिकृत मार्गाकडे, वळेल. पैसे पाठवण्याचा खर्च २०३० पर्यंत ३ टक्क्यांखाली आणायचे संयुक्त राष्ट्रांचे उद्दिष्ट आहे, पण जागतिक सरासरी अजून ६ टक्क्यांच्या वर आहे. २०० डॉलर पाठवणाऱ्याचे १२ डॉलर वाटेतच जातात, आणि सरकारला लगेच हात घालता येईल अशी जागा हीच आहे.