जुनी कॅम्पर व्हॅन की नवी?

कॅम्पर व्हॅन म्हणजे आतच झोपायची-राहायची सोय असलेली गाडी. त्यात जुनी म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर येते ती १९६७ ते १९७९ या काळात जर्मनीत बनलेली फोक्सवॅगन टाइप २. इंजिन मागे, हवेने थंड होणारं, रेडिएटर नाहीच. चालक बसतो थेट पुढच्या चाकांवर, समोर बॉनेट नसतं, त्यामुळे रस्ता जणू पायाखालून सरकतो. मोठं, जवळजवळ आडवं स्टिअरिंग, चार गिअर आणि लांब दांडा. चढ दिसला की आधीच गिअर उतरवायचा, इंजिनाचा सूर ऐकत राहायचं. बाजूचा वारा आला तर गाडीचं सपाट अंग थरथरतं आणि हात आपोआप सावरतात. ताशी ८० किलोमीटरवर ही गाडी खूश असते, आणि मीही. एवढ्या वेगात वाटेवरची झाडं, ओढे, माणसं खरोखर दिसतात.

नव्या व्हॅनमध्ये पॉवर स्टिअरिंग, एअरबॅग, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा), उत्तम हीटर. सुरक्षिततेत तुलनाच नाही. जुन्या गाडीत तुमच्या गुडघ्यांपुढे फक्त पत्रा असतो, हे विसरू नये. लहान मुलांसोबत लांबचा प्रवास असेल, तर मी नवीच सुचवीन.

देखभालीत मात्र जुनीचं पारडं मला जड वाटतं. इंजिनाच्या व्हॉल्व्हची फट सेट करणं, पॉइंट (ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेतले विजेचे संपर्क) साफ करणं घरी शिकता येतं. गंज तेवढा आधी तपासा, चाकांच्या कमानी आणि दारांखालच्या पट्ट्या विशेषतः. इंजिन दुरुस्त होतं, पण कुजलेला सांगाडा खिसा रिकामा करतो.

फक्त गाडी चालवण्याच्या आनंदासाठी विचाराल, तर माझं उत्तर जुनी.