डब्यातलं डब्यातच राहतं: पेन ड्राइव्हवर रेकॉर्डिंगचे आठ महिने

आमच्या अण्णांना सह्याद्रीवरचा संध्याकाळचा शेतीचा कार्यक्रम बघायचा असतो आणि नेमकी तीच वेळ डेअरीला दूध घालायची. म्हैस काही कार्यक्रम संपेपर्यंत थांबत नाही. आमच्या घरात रेकॉर्डर आला तो एवढ्यासाठीच.

पहिला रेकॉर्डर एका डीटीएच कंपनीचा होता. आत ५०० जीबीची हार्ड डिस्क. खोटं कशाला बोलू, वापरायला फार सुखाचा. कार्यक्रमांच्या यादीत जाऊन एकदा बटण दाबलं की मालिकेचा रोजचा भाग आपोआप साठायचा. एक चॅनेल रेकॉर्ड होत असताना दुसरं बघता यायचं, त्यामुळे आई आणि अण्णांचं रिमोटवरून वाजणंही बंद झालं होतं. रिचार्ज संपलं की आधी साठवलेलंही उघडत नसे, तेव्हाच खरं तर शंका यायला हवी होती.

मग एकदा हळदीच्या लागवडीवर अण्णा स्वतः टीव्हीवर बोलले. चारच मिनिटं, पण पाहुणा आला की ती चार मिनिटं लागायचीच. पाचव्या वर्षी बॉक्स बंद पडला. कंपनीचा माणूस आला, नवा जोडून दिला आणि जुना पिशवीत घालायला लागला. मी म्हटलं, निदान आतली डिस्क तरी द्या. तो म्हणाला, "साहेब, देऊन उपयोग नाही. त्या बॉक्सशिवाय ती कशावरच चालत नाही." खरंच होतं ते. अशा बॉक्सांत रेकॉर्डिंग कुलूपबंद साठतं आणि किल्ली त्या बॉक्सात नि कार्डात असते. लॅपटॉपला जोडली तरी नुसती डिस्क दिसते. अण्णा काही बोलले नाहीत, पण नव्या बॉक्सवर त्यांनी परत काही रेकॉर्ड करायला सांगितलं नाही.

म्हणून गेल्या दिवाळीत मी डीडी फ्री डिशकडे वळलो. ही सरकारी सेवा २००४ च्या डिसेंबरात डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. महिन्याचं रिचार्ज नाही, आणि बरीचशी चॅनेलं कुलपाविना येतात. त्यामुळे बाजारातल्या साध्या यूएसबीवाल्या बॉक्सात पेन ड्राइव्ह खुपसला की रेकॉर्डिंग त्यावर उतरतं आणि लॅपटॉपवर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये सरळ उघडतं. घेताना एमपेग-४ चा, म्हणजे चित्र दाबून पाठवायच्या नव्या पद्धतीचा बॉक्स घ्या, त्यात जुन्या पद्धतीची, एमपेग-२ ची चॅनेलंही दिसतात. उलटं होत नाही. माझा बॉक्स बिननावाचा आहे, तेराशे रुपयांचा.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. टायमर साडेसहाचा लावला होता. रात्री बघतो तर पेन ड्राइव्ह रिकामा. सकाळी बघतो तर भलताच कार्यक्रम साठलेला. डोकं खाजवल्यावर लक्षात आलं की बॉक्स घड्याळ उपग्रहाच्या सिग्नलवरून घेतो आणि सेटिंगमध्ये टाइम झोन शून्यावर होता. ग्रिनिचचे साडेसहा म्हणजे आपले रात्रीचे बरोबर बारा! तिथे +५:३० करा, मगच टायमरला हात लावा. बॉक्ससोबतच्या कागदावर याबद्दल अवाक्षर नाही.

अर्ध्या तासाचा कार्यक्रम माझ्याकडे साधारण ६५० एमबी होतो. म्हणजे ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हवर चाळीस-पंचेचाळीस भाग. भरपूर झाले. भानगड मोठ्या रेकॉर्डिंगची. पेन ड्राइव्ह फॅट-३२ या फाइली साठवायच्या जुन्या पद्धतीत फॉरमॅट केलेला असतो आणि त्यात एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही. काही बॉक्स अशा वेळी फाइलचे तुकडे पाडतात, माझा गप्प बसतो. २६ जानेवारीचं संचलन साडेआठ ते साडेबारा लावलं होतं. साडेअकराच्या जरा पुढे, विमानं यायच्या आतच, सगळं थांबलं. एनटीएफएस या दुसऱ्या पद्धतीत फॉरमॅट करून पाहिलं, तर बॉक्स पेन ड्राइव्ह ओळखेना. आता मोठा कार्यक्रम असला की दोन टायमर लावतो, मधला एखादा मिनिट जातो. जुनी हार्ड डिस्कही जोडून पाहिली. ती नुसती टकटक करत राहिली, बॉक्सच्या यूएसबीतून तेवढा करंट मिळत नाही.

चालू कार्यक्रम थांबवून मागे नेता यावा म्हणून टाइमशिफ्ट नावाची सोय असते, ती बंद ठेवा. चालू असली की आपण नुसतं बघत असलो तरी ती पेन ड्राइव्हवर सारखं लिहीत राहते. माझा पहिला पेन ड्राइव्ह हात लावला तर चटका बसेल इतका तापायचा, तिसऱ्या महिन्यात गेला.

पण सगळ्यात जास्त रेकॉर्डिंग कशामुळे हुकली असतील, तर आईच्या सवयीमुळे. खोलीतून बाहेर पडताना बोर्डावरची सगळी बटणं बंद. बॉक्स स्टँडबायवर असला तर टायमर त्याला उठवतो, बटणच बंद असलं तर कोण उठवणार? शेवटी त्या बटणावर चिकटपट्टी मारली. लाइट गेली की चालू असलेली फाइल बहुतेक वेळा वाया जाते, तेव्हा बॉक्स इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला. पावसाचा इलाज मात्र माझ्याकडे नाही. जूनमध्ये आभाळ भरून आलं की चित्राचे चौकोन होतात आणि ते चौकोनही इमानदारीने रेकॉर्ड होतात.

आईच्या मालिका पैसे भरायच्या चॅनेलवर. त्या इथे नाहीत, आता ती मोबाइलवर बघते आणि छोट्या पडद्यावरून मला ऐकवते. शिवाय रेकॉर्डिंग चालू असताना दुसरं चॅनेल बहुधा लागत नाही. घरात चार माणसांच्या चार मालिका असतील तर डीटीएचचाच रेकॉर्डर घ्या, फक्त जपून ठेवण्यासारखं काही त्यात ठेवू नका.

रेकॉर्डिंगची यादी उघडणारं बटण अण्णांना सापडत नव्हतं, तर बायकोने त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. जेवण झालं की अण्णा ठिपका दाबतात आणि जाहिराती पळवत कार्यक्रम बघतात. गेल्या मंगळवारी मात्र यादी उघडेचना. पेन ड्राइव्हच जागेवर नव्हता. ठिबकवरचा भाग बघायला म्हणून अण्णांनी तो शेजारच्या तात्यांना दिला होता. दोन दिवसांचे कार्यक्रम हुकले. पेन ड्राइव्ह परत आला तेव्हा त्यात तात्यांच्या नातवाच्या बारशाचे दोनशे फोटो होते, आणि काल अण्णा तेही टीव्हीवर बघत बसले होते.